नेट चालू, पण पान उघडेना: घरच्या डीएनएसचे दुखणे शोधायचे कसे

पत्ता टाकला की चार-पाच सेकंद नुसते गोल फिरत राहते आणि मग पान एका दमात उघडते. दुसऱ्या टॅबमध्ये चालू असलेला व्हिडिओ मात्र जराही अडखळत नाही. स्पीड टेस्टचा आकडाही उत्तम. मधूनच एखादी साइट ‘सापडली नाही’ म्हणते आणि रिफ्रेश केले की निमूट उघडते. ही लक्षणे एकत्र दिसत असतील तर डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर, संशय घ्यायला जागा आहे. व्हिडिओला त्याच्या सर्व्हरचा आकडी पत्ता आधीच मिळालेला असतो, त्याचे जोडलेले कनेक्शन चालू राहते. नव्या पानाला मात्र आधी नावावरून पत्ता शोधावा लागतो, तोही एकच नव्हे. साधे बातमीचे पान उघडतानासुद्धा चित्रे, फॉन्ट, जाहिराती अशा कितीतरी वेगवेगळ्या नावांची विचारणा होते, आणि त्यातले एक उत्तर अडले तरी पान अर्धवट लटकते.

यावर कुठेही विचारा, सल्ला ठरलेला: ‘डीएनएस बदल, ८.८.८.८ टाक.’ (हा गुगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता.) कधीकधी त्याने खरेच काम होते. पण मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत दोष वायफायमध्ये किंवा राउटरमध्ये होता आणि खापर फुटत होते डीएनएसवर. म्हणून आधी मोजायचे, मग बदलायचे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मधल्या गाळू नका.

हाताशी काय हवे

- एक लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. फोनवरही थोडेफार जमते, पण खरी तपासणी कमांड लाइनवरच होते.
- एक लॅन केबल. ही नसेल तर कुणाची तरी मागून आणा, निम्मा गोंधळ तिनेच सुटतो.
- राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड. वायफायचा नव्हे, अॅडमिनचा. बहुधा राउटरच्या तळाला चिकटवलेला असतो.
- मोबाइल डेटा चालू असलेला फोन, म्हणजे घरचे नेट बंद पडले तरी माहिती शोधता येईल.
- आत्ताच्या सेटिंगचे फोटो. काहीही बदलण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा.

आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरा.

१. आधी ठरवा, डीएनएसच का?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल. ‘पिंग ८.८.८.८’ चालवा. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहणे. मग ‘पिंग’ लिहून पुढे एखाद्या साइटचे नाव द्या. आकड्याला उत्तर येते आणि नावाला ‘होस्ट सापडला नाही’ असे येते, तर दोष नाव शोधण्यात आहे. दोन्हींना उत्तर नाही, तर कनेक्शनच बंद आहे आणि हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

इथे नवखी माणसे हमखास फसतात. काही साइट मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले की नाही यापेक्षा पहिली ओळ बघा. तिथे नावाशेजारी आकडी पत्ता छापून आला असेल तर डीएनएसने आपले काम केले आहे.

आता महत्त्वाचा भाग. डीएनएसचा प्रश्न साधारणपणे यूडीपी या पद्धतीने जातो. यूडीपीत वाटेत पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवले तर ते आपोआप पुन्हा पाठवले जात नाही; विचारणारा ठरावीक वेळ वाट पाहतो आणि मग पुन्हा विचारतो. ही वाट पाहण्याची मुदत सेकंदांत असते. लिनक्सवर ती मुळात ५ सेकंदांची असते, विंडोज साधारण एका सेकंदाने दुसऱ्या सर्व्हरकडे वळते. डाउनलोड चालू असताना शंभरातली दोन-तीन पॅकेट हरवली तर डाउनलोडसाठी वापरली जाणारी टीसीपी ही पद्धत ती गुपचूप पुन्हा मागवून घेते आणि तुम्हाला फारसे जाणवत नाही. डीएनएसचे तेच एक पॅकेट हरवले की अख्खे पान काही सेकंद खोळंबते. म्हणजे रोग कमकुवत वायफायचा, आणि लक्षण दिसते डीएनएसचे. अशा वेळी सर्व्हर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हा राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवल्यावर ‘डीफॉल्ट गेटवे’समोर दिसतो; अनेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. विंडोज फक्त चार वेळा पिंग करते, तेवढ्यावरून काही कळत नाही. पत्त्यानंतर मोकळी जागा सोडून ‘उणे टी’ लावा म्हणजे ते चालू राहील, आणि काही मिनिटांनी कंट्रोल-सी दाबून थांबवा. शेवटी किती टक्के पॅकेट हरवली ते छापून येते. हेच आधी वायफायवर, मग केबल लावून करा. केबलवर शून्य आणि वायफायवर दोन-चार टक्के असे आले तर इथेच थांबा: राउटरची जागा बदला, ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरून बघा, चॅनेल बदला. डीएनएसला हात लावायचे कारण उरलेले नाही.

२. तुमच्या प्रश्नाला उत्तर कोण देते?

ब्राउझर आधी स्वतःच्या साठवणीत बघतो, मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या. तिथे नाही मिळाले तर प्रश्न राउटरकडे जातो, राउटर तो इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे, ढकलतो. त्याच्याकडेही तयार उत्तर नसेल तर तो रूट सर्व्हर, मग ‘डॉट कॉम’सारख्या विभागाचे सर्व्हर आणि शेवटी त्या साइटचा अधिकृत सर्व्हर असा खाली उतरत जातो. मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवले जाते. ही मुदत, म्हणजे टीटीएल, साइटचा मालक ठरवतो. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही रचना मुळात अजून तीच आहे.

तुमचे यंत्र कुणाला विचारते ते पाहायला विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा आणि ‘डीएनएस सर्व्हर्स’ची ओळ शोधा. मॅकवर ‘एस-सी-यूटिल --डीएनएस’ (एस-सी-यूटिल सलग लिहा), नव्या लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’. तिथे राउटरचाच पत्ता दिसला तर मध्यस्थ राउटर आहे.

त्याच ओळीखाली आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, लांबलचक पत्ताही आहे का ते बघा. पुढे तो त्रास देणार आहे.

शिवाय दोन लपलेले खेळाडू असतात. व्हीपीएन (तुमचे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर बहुधा तो स्वतःचा डीएनएस लादतो. आणि क्रोम, फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ किंवा ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ अशी सोय असते. ती चालू असेल तर ब्राउझर तुमच्या सिस्टीमला न विचारता परस्पर दुसरीकडे जातो. एका ब्राउझरमध्ये साइट उघडते आणि दुसऱ्यात नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते. तपासणी होईपर्यंत दोन्ही बंद ठेवा.

यादीत अगदीच अनोळखी पत्ता दिसला तर मात्र सावध व्हा. ‘डीएनएसचेंजर’ नावाचे मालवेअर नेमके हेच करायचे: डीएनएसची सेटिंग बदलून लोकांना चोरांच्या सर्व्हरवर न्यायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली तेव्हा जगभरातले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर तिच्या जाळ्यात होते. टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या सगळ्यांचे नेट गेले असते, म्हणून त्यांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. अनोळखी पत्ता कुणाचा आहे ते शोधा. खुलासा झाला नाही तर राउटर फॅक्टरी रीसेट करा, अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि कॉम्प्युटर तपासून घ्या.

३. एकच प्रश्न तिघांना विचारा

अख्ख्या तपासणीचा गाभा ही पायरी. ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा तिन्ही सिस्टीमवर चालते (एखाद्या लिनक्सवर वेगळी टाकावी लागते). तिला आधी साइटचे नाव आणि पुढे ज्याला विचारायचे त्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा:

एनएसलुकअप एक्झाम्पल.कॉम १९२.१६८.१.१
एनएसलुकअप एक्झाम्पल.कॉम १.१.१.१

पहिल्या ओळीत तुमच्या राउटरचा पत्ता घाला. दुसरीतला १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा सार्वजनिक, म्हणजे कुणालाही वापरता येणारा, रिझॉल्व्हर. तिसऱ्यांदा इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरचा पत्ता द्या. तो राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ पानावर मिळतो. नावाच्या शेवटी एक जादा टिंब दिलेत तर उत्तम, नाहीतर विंडोज कधीकधी नावाला स्वतःचे शेपूट जोडून भलतेच विचारते.

वर ‘सर्व्हर: अननोन’ असे दिसले की पुष्कळ जण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की त्या सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून त्याचे नाव सापडले नाही. उत्तर खाली नीट आले असेल तर त्या ओळीकडे दुर्लक्ष करा.

वेळ मोजायचा तर मॅक-लिनक्सवर ‘डिग’ सोयीचे, ते शेवटी ‘क्वेरी टाइम’ मिलिसेकंदांत दाखवते. सर्व्हरच्या पत्त्याआधी ‘अॅट’चे चिन्ह लावायचे. विंडोजवर पॉवरशेलच्या ‘मेझर-कमांड’मध्ये ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’ गुंडाळून तेच करता येते. प्रत्येकाला तीच नावे विचारा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी विचारा. संध्याकाळी सगळे नेटवर असताना सकाळचे चित्र टिकेलच असे नाही. प्रसिद्ध साइटचे नाव रिझॉल्व्हरकडे तयार असते, त्यामुळे तिथे सगळेच हुशार दिसतात. क्वचित कुणी विचारत असेल अशी दोन-चार नावेही घ्या.

एकाच नावाची पहिली आणि दुसरी विचारणा वेगवेगळी लिहून ठेवा. पहिली २०० मिलिसेकंद आणि दुसरी १० असेल तर ते निकोप आहे. दोन्ही वेळा सेकंदांत जात असेल, किंवा दहातल्या दोनतीन वेळा ‘टाइम्ड आउट’ येत असेल, तर रुग्ण सापडला. सरासरीपेक्षा हे अधूनमधून अडकणे जास्त छळते. १५ मिलिसेकंद आणि ३० मिलिसेकंद यांतला फरक तुम्हाला कधीच जाणवणार नाही, त्यावरून भांडणाऱ्यांना भांडू द्या.

उत्तराऐवजी चूक आली तर तिचे नाव नीट वाचा. ‘एनएक्सडोमेन’ किंवा ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणजे असे नावच नाही: स्पेलिंग तपासा. ‘सर्व्हफेल’ म्हणजे रिझॉल्व्हरने प्रयत्न केला, पण त्याला धड उत्तर मिळाले नाही. दोष त्या साइटच्या सर्व्हरचा किंवा तिच्या डीएनएससेक सहीचा (उत्तर खरे असल्याची डिजिटल खूण) असू शकतो. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे तो सर्व्हर तुम्हाला सेवाच देत नाही. दुसऱ्या कंपनीचा रिझॉल्व्हर विचारलात की बहुधा हेच येते. आणि तिघेही एकाच साइटपाशी अडत असतील तर घरात शोधाशोध करू नका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे स्वतःचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून काही तास दिसेनासे झाले, तेव्हा कुणी घरी कुठलेही आकडे टाकले असते तरी उपयोग नव्हता.

४. राउटर दोषी निघाला तर

राउटरला विचारले की रखडते, कंपनीच्या किंवा सार्वजनिक रिझॉल्व्हरला थेट विचारले की झटकन येते, असा निकाल फार वेळा लागतो. घरगुती राउटरमधला डीएनएसचा मध्यस्थ छोटासा प्रोग्रॅम असतो, आणि घरात टीव्ही, कॅमेरे, फोन वाढले की त्याचा जीव मेटाकुटीला येतो. बंद करून पुन्हा चालू करा. त्याने बरे वाटले आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू झाले, तर दोष राउटरचाच समजा. फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले सॉफ्टवेअर, अपडेट करा.

तरीही रखडत असेल तर मध्यस्थालाच बाजूला काढा. इथे राउटरच्या सेटिंगमधल्या दोन जागांची गल्लत होते. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ विभागातला डीएनएस म्हणजे राउटर स्वतः कुणाला विचारणार तो. ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ विभागातला डीएनएस म्हणजे घरातल्या यंत्रांना कुणाला विचारायला सांगायचे तो. मध्यस्थ टाळायचा तर दुसऱ्या जागी बदल हवा. पहिल्या जागी बदल करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ. काही कंपन्यांनी दिलेल्या राउटरमध्ये ही सेटिंग कुलूपबंद असते. मग प्रत्येक यंत्रावर बदल करावा लागतो, किंवा स्वतःचा राउटर मागे जोडावा लागतो.

५. सर्व्हर बदलायचाच असेल तर

कंपनीचा रिझॉल्व्हरच दोषी ठरला असेल तर पर्याय चांगले आहेत आणि फुकट आहेत. गुगल: ८.८.८.८ आणि ८.८.४.४. क्लाउडफ्लेअर: १.१.१.१ आणि १.०.०.१. क्वाड९: ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२, हा घातक साइटची नावे अडवतो. ओपनडीएनएस: २०८.६७.२२२.२२२ आणि २०८.६७.२२०.२२०. कुठला ‘सर्वात वेगवान’ ते तुमच्याच जोडणीवर तिसऱ्या पायरीने ठरवा. दुसऱ्याच्या घरचा निकाल तुमच्याकडे लागू होत नाही.

आधी एकाच कॉम्प्युटरवर बदल करून दोन-तीन दिवस वापरा, मग राउटरवर करा. एकदम राउटरवर केले आणि काही बिघडले तर सगळ्या घराची ओरड तुमच्याकडे येईल.

दुसरा पत्ता वेगळ्या कंपनीचा ठेवा, असे माझे ठाम मत आहे. १४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची ही सेवा सुमारे तासभर बंद पडली, तेव्हा १.१.१.१ आणि १.०.०.१ दोन्ही एकदम गेले. मात्र दुसरा पत्ता फक्त अडीअडचणीलाच वापरला जाईल हे गृहीत धरू नका. काही यंत्रे मनाला येईल तेव्हा त्याच्याकडे जातात. म्हणून एक गाळणी लावणारा आणि एक बिनगाळणीचा अशी जोडी जमवू नका, नाहीतर मुलांसाठी अडवलेली साइट कधी बंद, कधी उघडी असा प्रकार होईल. मेलेला जुना पत्ता यादीत पहिला तर मुळीच ठेवू नका: लिनक्ससारखी सिस्टीम दर वेळी त्यालाच आधी विचारेल आणि ५ सेकंद वाया घालवेल.

आता तो आयपीव्ही६ चा पत्ता. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे नेहमीच्या जुन्या पद्धतीत, सगळे नवे आकडे टाकले, पण आयपीव्ही६ मधून कंपनीचाच डीएनएस येत राहिला, तर पुष्कळ प्रश्न जुन्या वाटेनेच जातात. तिथेही बदल करा: गुगलसाठी २००१:४८६०:४८६०::८८८८, क्लाउडफ्लेअरसाठी २६०६:४७००:४७००::११११.

एक तोटाही सांगतो. मोठ्या व्हिडिओ सेवा तुम्हाला कुठल्या सर्व्हरवर पाठवायचे ते बऱ्याचदा विचारणारा रिझॉल्व्हर कुठे आहे त्यावरून ठरवतात. गुगलचा डीएनएस तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअर खासगीपणासाठी कळवत नाही. त्यामुळे क्वचित असे होते की नावे झटपट सापडतात, पण व्हिडिओ दूरच्या सर्व्हरवरून येऊन अडखळतो. बदलानंतर तसे झाले तर मागे फिरा. आणि डीएनएस बदलून डाउनलोडचा वेग वाढतो असे कुणी म्हणाले तर हसून सोडून द्या.

६. शिळ्या नोंदी पुसा

बदल केला की जुनी उत्तरे काढून टाका, नाहीतर निकाल कळणार नाही. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’. लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’. फोनवर एअरप्लेन मोड चालू-बंद. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. राउटरच्या डीएचसीपीमध्ये बदल केला असेल तर प्रत्येक यंत्र वायफायवरून तोडून पुन्हा जोडा; तोवर ते जुनाच पत्ता धरून बसते.

७. बदलूनही बदलले नाही?

काही जोडण्यांवर पोर्ट ५३ वरून (डीएनएसचा ठरलेला दरवाजा) जाणारा प्रत्येक डीएनएस प्रश्न वाटेतच पकडून कंपनीच्या सर्व्हरकडे वळवला जातो. तुम्ही ८.८.८.८ टाकता, उत्तर मात्र तिसराच देतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त कागदोपत्री उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुठलाही सर्व्हर नाही. ‘एनएसलुकअप’मध्ये सर्व्हर म्हणून हाच पत्ता द्या. टाइम आउट झाले तर ठीक. नीट उत्तर आले तर मधे कुणीतरी बसले आहे. ते राउटरही असू शकते, म्हणून आधी त्यातली पॅरेंटल कंट्रोलसारखी सोय बंद करून पुन्हा बघा.

यावर उपाय म्हणजे बंद लिफाफ्यातून, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन, जाणारा डीएनएस. ब्राउझरमधली मघाशी बंद केलेली ‘सिक्युअर डीएनएस’ची सोय आता चालू करा. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ अशी सेटिंग आहे. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागते, उदाहरणार्थ ‘डीएनएस.गुगल’. पण नाव देऊन ही सेटिंग पक्की केली आणि एखाद्या नेटवर्कने तिचे पोर्ट ८५३ अडवले, तर फोन जुन्या पद्धतीकडे परतत नाही, सरळ ‘इंटरनेट नाही’ म्हणतो. लॉगिनचे पान दाखवणाऱ्या सार्वजनिक वायफायवरही हीच अडचण येते. ‘ऑटोमॅटिक’ ठेवले तर तो जुळवून घेतो.

आणखी एक गंमत: राउटरवर असा डीएनएस लावला असेल आणि वीज जाऊन आल्यावर त्याचे घड्याळ चुकले, तर सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची तारीख जुळत नाही आणि सगळी नावे एकदम बंद पडतात. तारीख-वेळ तपासा.

८. कंपनीकडे तक्रार करताना

‘नेट स्लो आहे’ म्हणालात की पुन्हा राउटर बंद-चालू करायला लावतील. त्याऐवजी लेखी द्या: केबलवर तपासले, राउटरपर्यंत पॅकेट हरवत नाहीत, तुमच्या अमुक पत्त्याच्या रिझॉल्व्हरला अमुक तारखेला अमुक वाजता विचारले असता दहापैकी इतक्या वेळा टाइम आउट आले, त्याच मिनिटाला बाहेरच्या रिझॉल्व्हरने सगळी उत्तरे दिली. कमांड लाइनचा स्क्रीनशॉट जोडा. वॅनचा सार्वजनिक आयपी पत्ता, ग्राहक क्रमांक आणि राउटरचे मॉडेल त्याच मेलमध्ये लिहा. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि तक्रार पहिल्या फळीतल्या माणसाला समजत नसेल तर ‘नेटवर्क टीमकडे पाठवा’ एवढेच शांतपणे म्हणत राहा.